शनिवारची बैठी गिटार

कांचघर, जबलपूर
१२ ऑगस्ट २०१८

श्री. शैलेंद्र मुळे यांस,

काल, शनिवार, दिनांक ११ ऑगस्ट रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नेपियर टाउनमधल्या तुमच्या संगीतवर्गाच्या वरच्या खोलीत मी माझ्या गिटारची खोळ उघडली आणि आतली गिटार मेलेली निघाली.

तुम्ही वाद्यांचा वर्ग चालवता, तरी तुम्हालाही समजावून सांगणं भाग दिसतं. माझी गिटार हवाईयन आहे. ती गळ्यात अडकवत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हाताची बोटं तारा दाबत नाहीत. हातात पोलादी कांडी असते, ती तारांवरून सरकते. त्यासाठी तारा लाकडापासून चांगल्या उंच लागतात, आणि त्यांना उंच धरणारी हाडाची पट्टी मानेच्या टोकाशी बसवलेली असते. ती पट्टी कुणीतरी कानस घेऊन घासून टाकली आहे. तारा खाली मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर येऊन लोळताहेत. मी कांडी ठेवली तर मालगाडीचे डबे जोडताना होतो तसा आवाज आला. समोर सुमेधा वासनिक बसली होती. तिच्यापुढे मी सूर म्हणून हा खडखडाट काढला.

ही पट्टी तुमच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी, १९६९ साली स्वतः घडवून बसवली. मी तेव्हा कॉन्व्हेंटच्या गणवेशातच थेट वर्गाला येत असे. त्याच बापूसाहेबांनी १९९४ साली शनिवारची चारची बॅच माझ्या हाती दिली. तेव्हा खोलीत बसायला जागा नसे. मुलीला गिटार येते म्हटलं की स्थळं दोन पायऱ्या वर चढत. मुली लग्नासाठी शिकत, पण शिकत तरी. त्यानंतर मुलांना गळ्यातली गिटार हवी झाली. मग गिटारही नको, कॉलेजच्या निरोपसमारंभापुरतं एक गाणं हवं. आता म्हणे ते युकुलेले नावाचं चार तारांचं खेळणं हवं, कारण ते फोटोत मावतं. हल्लीच्या नवशिक्यांना गिटार शिकायची नसते. गिटार आलेली हवी असते.

माझ्याकडे येतात ते बरोबर सहा महिने टिकतात. मलेरियालासुद्धा इतकं वेळापत्रक नसतं. सहा महिने झाले की एक दिवस पाया पडतात, वर खोव्याची जिलबी आणतात, आणि पुढल्या मंगळवारी तुमच्या वर्गात गळ्यात गिटार अडकवून उभे. बारा वर्षं मी ही पळापळ बघते आहे. एकटी सुमेधा टिकेल असं वाटतं. आठवा महिना चालू आहे, अजून जिलबी आणलेली नाही.

माझ्या मागण्या अशा. हे कुणी केलं ते लेखी कळवा. पट्टी हाडाचीच, पूर्वीच्या उंचीची, बसवून द्या. आणि फोन करू नका. मी तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली आहेत, ट्रंक एक्स्चेंजची सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. फोनवर दिलेला शब्द किती टिकतो ते मला कुणी शिकवायला नको.

तुम्ही चड्डीत होतात तेव्हापासून मी तुम्हाला 'अरे शैलू' म्हणत आले. हे पत्र 'अहो'मध्ये आहे. त्यावरून काय ते समजा.

विनता रामटेके


नेपियर टाउन
१६ ऑगस्ट २०१८

आदरणीय विनतादीदी,

सादर प्रणाम. आपलं पत्र मिळालं. वाचून मन एकदम खराब झालं. मी दोनदा घरी येऊन गेलो, आपण दार उघडलं नाही. शेजारच्या चंपाबाई म्हणाल्या, "आत आहेत, पण तुमच्यासाठी नाहीत." म्हणून लिहून राहिलो. माझी मराठी लिहायची सवय सुटली आहे, गलती माफ करा.

दीदी, कोणी जाणूनबुजून नाही केलं. गोरखपुर मोहल्ल्यातला गणपत, जो आपल्या वर्गाची वाद्यं रिपेअर करतो, त्याची चूक झाली. सुमेधाची गिटार करायची होती, आपली झाली. दोन्ही खोळी काळ्या. तिनं आपली बघूनच तशी खोळ घेतली होती, आपल्याला तर माहीतच आहे, ती आपल्याला किती मानते. कपाटात दोन्ही शेजारी ठेवलेल्या. गणपत शुक्रवारी आला, मी खाली बॅच घेऊन राहिलो होतो, तो वरून चुकीची उचलून घेऊन गेला आणि शनिवारी सकाळी परत ठेवून गेला. बस, इतकंच.

मी त्याला खूप रागावलो. नवीन पट्टी लावून देईन, हाडाचीच. हाड आजकल मिळत नाही, सगळे प्लॅस्टिक लावतात, पण मी नागपुरहून मागवतो. थोडा टाइम द्या.

बाकी आपण मुलांबद्दल लिहिलं ते खरं आहे. जमानाच असा आहे. माझ्या मंगळवारच्या वर्गात पण मुलं विचारतात, सर, किती दिवसांत येईल? मी म्हणतो, बेटा, ही काय ट्रेन आहे का? आपण मनाला लावून घेऊ नका. चलो, जे झालं ते झालं. पुढल्या महिन्यात नवीन सहा अॅडमिशन येऊन राहिल्या आहेत, सगळे आपल्याच बॅचला देतो. आपण फक्त राग सोडा.

आपला
शैलेंद्र


कांचघर
२० ऑगस्ट २०१८

श्री. शैलेंद्र मुळे यांस,

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "सुमेधाची गिटार करायची होती." काय करायची होती? तुम्ही खरं क्रियापद खाऊन टाकलं आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला सांगत, वाक्यात जो शब्द नसतो तिथेच पोरीनं खोडी केलेली असते.

सुमेधाची गिटार हवाईयन बाजासाठीच तारा उंच करून घेतलेली आहे. मी तिला ती शिकवते आहे. मग तिची पट्टी घासायची होती ती कशासाठी?

शनिवारी सुमेधा वर्गाला आली नाही. म्हणून मी ऑटो करून गोरखपुरात गणपतच्या दुकानी गेले. तो सतार उलटी धरून बसला होता. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "गणपत, माझ्या गिटारचा गळा तूच कापलास का?"

"काहून रागावता बाई?" तो म्हणाला. "सर म्हणाले, काळ्या खोळीतली बैठी खडी करून दे. मी करून दिली."

"खडी?"

"म्हणजे बैठी असते नं, मांडीवरची. तिची पट्टी घासली की ती खडी होते. गळ्यातली. तारा खाली येतात, मग बोटानं दाबता येते."

"खडी रस्त्यावर टाकतात, गणपत. मराठीत उभी म्हणतात."

"बाई, तुमच्या मराठीत उभी, सरांच्या हिंदीत खडी, माझी कानस एकच." वर हसला. "मी तर वर्षाची आठ-दहा करून राहिलो. पोरगं तुमच्याकडे सहा महिने बसलं की सर गिटार पाठवून देतात. पोरं खुश होऊन घ्यायला येतात, पेपर पास झाल्यावानी."

मी त्याला आणखी एक प्रश्न विचारणार होते, पण तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मला आवडली नाही. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पाहुण्यासमोर तोंडून निघून जावी आणि मग सगळ्यांनी पाहुण्याकडे बघावं, तशी. फरक इतकाच की इथे पाहुणी मी होते.

'पेपर पास झाल्यावानी' म्हणजे काय, शैलेंद्र? कुठला पेपर? मी तर कधी काढला नाही.

सुमेधालाही मी चिठ्ठी पाठवली आहे. कोण आधी खरं लिहितं ते बघू. आणि गणपतला रागावण्याचं काही कारण नव्हतं. त्यानं निदान क्रियापद सांगितलं.

विनता रामटेके


नेपियर टाउन
२४ ऑगस्ट २०१८

आदरणीय मॅडम,

जय भीम. मी शनिवारी आले नाही कारण मला भीती वाटून राहिली होती. माझी मराठी आईकडून ऐकलेली आहे, लिहिलेली नाही. हे पत्र मी आईला दाखवलं, तिनं काना-मात्रा दुरुस्त केल्या. पण बोलणं माझंच आहे.

मॅडम, तुम्ही विचारलं की माझी गिटार खडी काहून होणार होती. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मी अॅडमिशनला आले तेव्हा सरांना म्हटलं, मला गिटार शिकायची आहे, गाता गाता वाजवायची. सर म्हणाले, "बेटा, पहले बैठी, फिर खड़ी. पहिली पायरी विनता मॅडमकडे. त्या पास करतील तर पुढे." वर खोलीच्या दारावर पण लिहिलेलं आहे, 'प्रारंभिक, बैठी'. मला वाटलं जसं लहान मुलं आधी बसायला शिकतात, मग उभं राहायला, तसं असेल. सगळ्यांना असंच वाटतं. जुने मुलं सांगतात, मॅडम कडक आहेत, सहा महिन्यात सोडलं तर समजा नशीब. पास झाल्यावर खोवा जलेबी द्यायची पद्धत आहे.

माझे सहा झाले, सात झाले, मला वाटलं मीच कच्ची आहे. मी कोचिंगमध्ये मुलांना केमिस्ट्री शिकवते, आणि इथे स्वतः मागे पडून राहिले, घरी कोणाला सांगितलं नाही. मागच्या महिन्यात सर म्हणाले, चलो, तुमची गिटार खडी करून देतो. मी वर्गातूनच आईला फोन करून सांगितलं की मी पास झाले.

मॅडम, मी खोटं लिहिणार नाही. तुमची गिटार मला खूप छान वाटते. पण ती स्वतःच गाते. मग मला गायला जागा राहत नाही. मला गायचं आहे.

आता सगळं थांबून आहे, सर पण बोलत नाहीत. तुमच्या गिटारचं जे झालं ते माझ्या खोळीमुळे झालं. मला एवढंच सांगा, मी नापास झाले का?

तुमची
सुमेधा


नेपियर टाउन
२८ ऑगस्ट २०१८

आदरणीय विनतादीदी,

सुमेधानं मला सांगितलं की तिनं आपल्याला पत्र लिहिलं. आता माझ्याजवळ लपवायला काही नाही.

बाबा गेले त्या वर्षीची गोष्ट आहे. जुन्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या आणि आपल्या बॅचला एक पण नवीन अॅडमिशन नव्हती. तरी आपण शनिवारी चारला आल्या. मी जिन्यातून पाहिलं. आपण समोर सतरंजी अंथरली, गिटार मांडीवर घेतली, आणि तासभर कोणी नसताना शिकवून राहिल्या होत्या. तोंडानं. "आता कांडी सरळ ठेव, आता मनगट सोड." मी खाली उतरून गेलो.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, गळ्यातली गिटार शिकायला. माझ्या तोंडून निघून गेलं, पहले बैठी, फिर खड़ी. झूठ बोलायचं ठरवलं नव्हतं दीदी. निघून गेलं. तो शनिवारी गेला, आपण खुश दिसल्या, मग दुसऱ्यालाही तेच सांगितलं. मग ती पद्धतच पडली. मग कसं थांबवायचं?

आपण म्हणाल मी फसवलं. पण एक खरं सांगतो. आपल्याकडून जी मुलं येतात त्यांचा कान तयार असतो. पडदा न दाबता सूर शोधलेला असतो, त्यांना बेसूर सहन होत नाही. डायरेक्ट माझ्याकडे येणाऱ्यांना ते वर्षभर येत नाही. तर फायदा मुलांचाच झाला नं?

सप्टेंबरची सहा मुलं पक्की आहेत. त्यांना मी सांगून झालो आहे. आपण फक्त या. कोणाला काही बोलायची गरज नाही, जसं चाललं तसं चालू द्या. बॅच भरलेली राहील. नाहीतर दीदी, मी साफ सांगतो, त्या खोलीत कोणी येणार नाही.

हाड नागपुरहून आलं आहे. गणपत पट्टी घडवून राहिला आहे.

आपला
शैलेंद्र


कांचघर
३१ ऑगस्ट २०१८

श्री. शैलेंद्र मुळे यांस,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा आणखी रागानं.

मी स्वतःला गिटारची शिक्षिका समजत होते. मी तुमच्या वर्गाची वेटिंग रूम निघाले. लोक माझ्याकडे बघत नव्हते, गाडी कधी लागते ते बघत होते. आणि मी मात्र बारा वर्षं गावभर सांगत फिरले की हल्लीच्या मुलांची आवड टिकत नाही. त्यांची आवड चांगली टिकत होती! उभी गिटार शिकायची म्हणून सहा-सहा महिने मांडीवरची सहन केली बिचाऱ्यांनी. इतकी चिकाटी तुमच्या-माझ्यात नाही. निघणाऱ्या प्रत्येकाला मी 'धरसोड्या' म्हटलं. तेही तुमच्याच नावावर लिहा, कारण त्यांना माझ्यासमोर बसवलंत तुम्ही.

रिकाम्या खोलीत मी एकटी शिकवत होते हे तुम्ही पाहिलंत. बरं. आत यायला हवं होतं. "दीदी, कोणी नाही आलं" एवढे चार शब्द पुरले असते. मी ट्रंक लाइनवर लोकांना "पलीकडून उत्तर येत नाही" हे रोज सांगितलं आहे. कुणी त्यानं मेलं नाही. लोक थोडा वेळ रिसीव्हर धरून ठेवतात, मग ठेवून देतात. पण उत्तर येत नसताना पलीकडून बोलायला भाड्याची माणसं बसवायची, हा उद्योग आमच्या खात्यानंही कधी केला नाही.

कान तयार होतो म्हणता. होत असेल. म्हणजे मी कान टोचणारी सोनार झाले, दागिने तुमच्याकडे.

सुमेधाला मी वेगळं लिहिलं आहे. तिला कळवलं, तू नापास झाली नाहीस. ज्या परीक्षेला तू बसलीच नव्हतीस तिच्यात नापास कशी होशील? तुला एका भलत्याच माणसानं बसवलं होतं. तिची गिटार या आठवड्यात उभी करून तिच्या हाती द्या आणि तिला गाऊ द्या. ती गाते कशी ते मी कधी विचारलंच नाही. ते मी आता जाऊन ऐकणार आहे, मंगळवारी, तुमच्या वर्गात, पहिल्या रांगेत. तोंड लपवू नका.

आता त्या सहा मुलांचं. तुम्ही लिहिता, फक्त या, कोणाला काही बोलू नका. तुम्हाला वाटलं असेल की रिकामी खोली बघितलेली बाई हो म्हणेल. एक पूर्ण रात्र आणि एक सकाळ मीही तसंच समजत होते. सतरंजी झटकायला बाहेरसुद्धा काढली. मग वाटलं, हे सहा जण मांडीवर गिटार घेऊन बसतील, मी "मनगट सोड" म्हणेन, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत मला कॅलेंडर दिसेल. ते मी बघू शकणार नाही. तुम्ही मला आंधळं ठेवलं होतं तोवर ठीक होतं.

तेव्हा आधी दारावरची 'प्रारंभिक, बैठी' ही पाटी काढा. इतकी वर्षं मी ती 'नवशिक्यांसाठी' अशी वाचत आले. माझी गिटार कशाचीही प्रारंभिक नाही. दुसरी लावा: 'हवाईयन गिटार'. बस.

मग त्या सहा जणांना एकत्र बोलवा आणि मी इथे लिहिते आहे ते जसंच्या तसं वाचून दाखवा. ही गिटार मांडीवर ठेवून कांडीनं वाजवतात. हिच्यावर सूर येईपर्यंत वर्ष जातं. हिच्याबरोबर गाता येत नाही, नाचता येत नाही, फोटो बरा येत नाही. ही पहिली पायरी नाही, हिच्यापुढे दुसरी कुठली गिटार मिळत नाही. शिकवणारी बाई कडक आहे आणि खोव्याच्या जिलबीनं विरघळत नाही. एवढं ऐकून ज्याला यायचं त्यानं शनिवारी चारला यावं. बाकीच्यांना त्याच दिवसापासून तुमच्याकडे उभं करा.

वाचताना तुमचा चेहरा पडलेला नको, आणि "दीदी दुखी होतील" असं एकही अक्षर मध्ये घालायचं नाही. मी सुमेधाला खोलीत हजर राहायला सांगितलं आहे. तुम्ही काय वाचलं ते ती मला सांगेल.

त्यांच्यापैकी किती जण हो म्हणाले ते मला शुक्रवार, ७ सप्टेंबर २०१८, सायंकाळी सहाच्या आत लेखी कळवा. निरोप नको, फोन नको, चंपाबाईंकडे सांगून जाणं नको. आकडा मागाहून फिरवता येतो, म्हणून अक्षरी लिहा. शून्य असेल तर शून्यही अक्षरीच लिहा, आणि खाली सही करा.

विनता रामटेके